मुलीचं नाव दुर्मीळ हवंय? मग आधी कोश उघडा

एखाद्या नावापुढे ‘सूर्याचा पहिला किरण’, ‘देवाची देणगी’ किंवा ‘शांत स्वभावाची’ असा अर्थ छापलेला दिसला, तर तिथेच पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा. नावांच्या ॲपमध्ये हे दोन-तीन अर्थ वाटेल त्या अक्षरजुळणीला चिकटवलेले असतात. ‘आरवी’चंच बघा. अर्थ सांगतात ‘शांत’. संस्कृतात ‘आरव’ म्हणजे आवाज, गलका. अमरकोशात, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशात, तो रव, निनाद, ध्वनी यांच्याच पंक्तीत बसलेला आहे. पहिले सहा महिने नाव सार्थ ठरेल, पण सांगितलेला अर्थ मात्र नेमका उलटा.

तेव्हा दुर्मीळ नाव शोधण्याआधी ते तपासायचं कसं, ते पाहू. शोधणं त्यामानाने सोपं आहे.

कोशात नाव कसं बघावं

तीन साधनं पुरतात आणि ती इंटरनेटवर फुकट मिळतात: वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश, मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश आणि मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. नाव पुराणातलं किंवा वेदातलं असेल, तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोशही उघडावा. शब्दाचा अर्थ कळला तरी तो धारण करणाऱ्या बाईचं पुढे काय झालं, ते शब्दकोशात नसतं.

शोधताना स्त्रीलिंगी शेवट काढून मूळ शब्द बघा. ‘आरवी’ मिळणार नाही, ‘आरव’ मिळेल. सगळे अर्थ वाचा, पहिल्यावर थांबू नका. मग नावाचे तुकडे पाडा आणि मागचा तुकडा खरा प्रत्यय आहे का ते पाहा. इथेच बहुतेक बनावट नावं पकडली जातात.

‘वी’चा नियम सोपा आहे. उकारान्त विशेषणाचं स्त्रीलिंग करताना ‘वी’ येतो: तनु-तन्वी, साधु-साध्वी, पृथु-पृथ्वी, मृदु-मृद्वी, उरु-उर्वी. म्हणजे ‘वी’वर संपणारं नाव दिसलं की मागे उकारान्त शब्द उभा आहे का ते शोधायचं. ‘उर्वी’ म्हणजे विस्तीर्ण, म्हणून पृथ्वी. ‘मृद्वी’ म्हणजे मऊ, कोमल. दोन्ही व्याकरणशुद्ध, आणि ‘मृद्वी’ तर अजून फारशी कुणाला सुचलेली नाही.

‘दा’ म्हणजे देणारी (वरदा, ज्ञानदा, नर्मदा म्हणजे आनंद देणारी). ‘जा’ म्हणजे जन्मलेली (गिरिजा, शैलजा). ‘मयी’ म्हणजे एखाद्या गोष्टीने बनलेली, भरलेली. या ‘मयी’ला जोडताना संधी चुकतो, म्हणून नीट पाहा: मृत् + मयी = मृन्मयी (मराठीत रूढ रूप मृण्मयी), चित् + मयी = चिन्मयी, वाक् + मयी = वाङ्मयी, तेजस् + मयी = तेजोमयी, ज्योतिस् + मयी = ज्योतिर्मयी. ‘तेजमयी’, ‘ज्योतिमयी’ ही रूपं घरगुती आहेत. चालवायची तर चालवा, पण शाळेतल्या संस्कृतच्या बाई एक दिवस पोरीला उभं करून विचारतील.

सुरुवातीचा ‘अ’ किंवा ‘अन्’ दिसला की दुप्पट सावध व्हा, कारण तो बहुतेकदा नकार असतो. ‘नय’ म्हणजे नीती आणि ‘अनय’ म्हणजे अनीती. शिवाय मराठी परंपरेत अनय हा राधेचा नवरा. त्यामुळे ‘अनाया’ला संस्कृत ठरवण्याचा हट्ट धरला, तर हाती फारसं काही लागत नाही. अरबी ‘इनाया’ मात्र खरा शब्द आहे. अर्थ काळजी, आस्था. तो अर्थ आवडला असेल तर नाव त्याच रूपात ठेवावं.

परभाषेतलं नाव ठेवण्यात काहीच गैर नाही, कुळी ठाऊक असली म्हणजे झालं. ‘मिश्का’ रशियन आहे आणि त्याचा अर्थ लहानसं अस्वल. ‘कियारा’ हा इटालियन उच्चार, लॅटिन ‘क्लारा’वरून आलेला: स्वच्छ, तेजस्वी. जवळजवळ त्याच इंग्रजी अक्षरांनी लिहिलं जाणारं आयरिश नाव मात्र ‘काळी’ या अर्थाच्या शब्दावरून येतं, त्यामुळे स्पेलिंगमधल्या एका अक्षराने उजेडाचा काळोख होतो. ‘मायरा’ हे नाव सोळाव्या शतकातल्या फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या प्रेमकवितांत वापरलं. ‘नायरा’ हा अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषेत डोळ्याला असलेला शब्द. ‘शनाया’ची व्युत्पत्ती संस्कृतात लागत नाही, नाद आवडला म्हणून ठेवा, पण बारशात अर्थ सांगण्याची जबाबदारी आत्यावर टाकू नका.

कुठे शोधावं: पहाट, पाऊस, सूर

दुर्मीळ नावांची खरी खाण म्हणजे जुन्या याद्या. यास्काने ज्यावर ‘निरुक्त’ लिहिलं, त्या ‘निघंटू’ या वैदिक शब्दसंग्रहात उषेची म्हणजे पहाटेची सोळा नावं एका ओळीत दिली आहेत. त्यांत अहना आहे, द्योतना आहे (उजळवणारी), अरुषी (तांबूस), भास्वती, अर्जुनी (शुभ्र), सूनृता (गोड आणि खरं बोलणं). ‘अहना’ ऋग्वेदात उषेसाठी आलेलं आहे, त्यामुळे हल्ली ‘आहाना’ असं ताणून लिहितात त्यापेक्षा मूळ ‘अहना’ कितीतरी नेटकं. ‘पहिला किरण’ नकोच, सरळ पहाटच घ्या.

याच सोळांत ‘विभावरी’ही आहे. पुढे अमरकोशात हाच शब्द रात्रीच्या नावांत जाऊन बसला. ‘वि-भा’ म्हणजे चमकणं. वेदात चमकते ती पहाट, नंतरच्या संस्कृतात चांदण्यांची रात्र. असं दोन टोकांचं आणि दोन्ही टोकांना सुंदर असलेलं नाव सहसा मिळत नाही. रात्रीच्या त्याच यादीत ‘क्षणदा’ आहे. क्षण म्हणजे इथे विसावा, उत्सव, तो देणारी.

कृत्तिका हे नाव आता शाळेच्या हजेरीपटावर दिसतं, पण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय परंपरेत या तारकापुंजातल्या सात जणींना स्वतंत्र नावं आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. मधल्या तिघी म्हणजे आभाळ भरून येण्यापासून सरी कोसळण्यापर्यंतचा प्रवासच. जून-जुलैत जन्मलेल्या मुलीसाठी ‘मेघयंती’चा विचार करायला हरकत नाही. ‘चुपुणीका’ कितीही गोड वाटली तरी घरात हाक मारण्यापुरती ठेवा.

गाणाऱ्या घरांसाठी एक यादी तर चक्क महाराष्ट्रातलीच आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात बावीस श्रुतींना (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांना) दिलेली नावं सगळी स्त्रीलिंगी आहेत: तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती, दयावती, रंजनी, प्रीती, क्षिती, संदीपनी, आलापिनी, रम्या, रोहिणी वगैरे. ‘छंदोवती’ आणि ‘आलापिनी’ ही दोन तर आजच ठेवण्यासारखी. पण डोळे मिटून बोट ठेवू नका. याच बावीसांत रौद्री, क्रोधा, उग्रा, क्षोभिणी आहेत आणि ‘मार्जनी’ही आहे. मार्जन म्हणजे झाडणं-पुसणं.

रागांची नावं (आसावरी, वागेश्री, मधुवंती) आता पुष्कळ झाली. वृत्तांकडे मात्र लोक कमी वळतात. मालिनी आणि शालिनी ही मूळ वृत्तनामंही आहेत हे अनेक मालिनींना ठाऊक नसतं. स्वागता हे अकरा अक्षरांचं वृत्त, प्रहर्षिणी तेरा, शिखरिणी सतरा, स्रग्धरा (माळ धारण केलेली) एकवीस. मोरोपंतांमुळे ‘आर्या’ आणि ज्ञानदेवांमुळे ‘ओवी’ मराठीच्या अगदी आतल्या. ‘ओवी’ गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे, तरी तिचं मराठीपण कमी होत नाही. ‘स्रग्धरा’ ठेवणार असाल तर आजोबांकडून एकदा म्हणवून घ्या. कवळी बसवलेल्या माणसाला ते नाव झेपलं तर सगळ्यांना झेपेल.

नद्या, देवी आणि इतिहास

मनुस्मृतीत नक्षत्र, झाड आणि नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं म्हटलं आहे. मराठी माणसाने ते मुळीच मनावर घेतलं नाही, म्हणून आपल्याकडे रोहिण्या, तुळसा आणि गोदावऱ्या घरोघर झाल्या. पण कृष्णा-गोदेच्या पलीकडेही नद्या आहेत. ‘प्रवरा’ म्हणजे श्रेष्ठ. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातून वाहत जाऊन गोदावरीला मिळते. आंबोलीला उगम पावणारी ‘हिरण्यकेशी’ म्हणजे सोनेरी केसांची. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन होते ती ‘प्राणहिता’. गोव्याची ‘म्हादई’ घ्या, जुन्नरची ‘मीना’ घ्या. ‘वैतरणा’ मात्र टाळा. उच्चारताच ऐकणाऱ्याला यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी आठवते. ‘नीरा’ नाव छान आणि नदीही खरी, पण महाराष्ट्रात प्रत्येक बसस्थानकाबाहेर त्या नावाची पाटी लावून पेय विकतात, हे पुढे वर्गातली मुलं सांगतीलच.

ग्रामदैवतांकडे वळताना शेवटचा ‘आई’, ‘बाई’, ‘देवी’ काढून पाहा. कार्ल्याची एकवीरा, जेजुरीची आणि गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी. ‘एकवीरा’ हे आधुनिक वाटणारं जुनं नाव आहे आणि त्याला स्पष्टीकरण लागत नाही. कुळातली देवी असेल तर आजीलाही नाव पटवावं लागत नाही, हा वेगळा फायदा.

इतिहासात सातवाहनांची राणी नागनिका आहे. नाणेघाटातल्या लेण्यात तिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आजही उभं राहून बघता येतो. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. वाकाटकांचा कारभार सांभाळणारी प्रभावतीगुप्ता आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृत गाथांच्या संग्रहात कवयित्रीही आहेत: रेवा, रोहा, माधवी, शशिप्रभा, अनुलक्ष्मी. ‘रोहा’ ऐकून कोकण रेल्वे आठवणार, त्याला इलाज नाही. मराठीतलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात जुन्या वळणाचं नाव म्हणाल तर ‘सई’. संस्कृत सखी, प्राकृत सही, मराठी सई: एका नावात भाषेचा सगळा प्रवास.

वेदातल्या ऋषिकांची, म्हणजे सूक्तं रचणाऱ्या स्त्रियांची नावं घेताना चरित्रकोश हवाच. विश्ववारा (सगळ्यांना हवीशी) निर्धोक आणि भारदस्त. अपाला आणि घोषा दोघींच्या कथांत त्वचारोग आहे, आणि दोघी त्यातून बऱ्या झाल्या. ही कथा तुम्हाला कमीपणाची वाटते की हिमतीची, त्यावर नाव ठरवा. ‘रोमशा’ ऐकायला मोहक, पण अर्थ केसाळ. लोपामुद्रा अगस्त्यांची पत्नी, ऋग्वेदात तिच्या नावे ऋचा आहेत. अडचण फक्त लाडाच्या नावाची. सगळे ‘लोपा’ म्हणणार, आणि लोप म्हणजे नाहीसं होणं.

हाक मारून बघा

ही चाचणी निवड पक्की करण्याआधी घ्यायची असते. नाव दोन अक्षरांवर तोडा, कारण आजूबाजूचे ते तोडणारच. मग विभक्ती लावून दोन वाक्यं म्हणा: ‘स्रग्धराला डबा दिलास का’, ‘क्षितीची बस चुकली’. मग ते नाव पूर्ण कानडी, गुजराती किंवा इंग्रजी जिभेच्या एखाद्या शेजाऱ्याकडून म्हणवा. अमरकोशात ‘रसा’ म्हणजे पृथ्वी. कोल्हापुरात तांबडा की पांढरा असा प्रश्न येईल. ‘शंपा’ म्हणजे वीज, पण लोकांना शाम्पूच ऐकू येणार. ‘मेदिनी’ म्हणजे धरती खरी, तिची कथा मात्र मधु-कैटभ राक्षसांच्या मेदाची आहे, आणि मेद म्हणजे चरबी हे जिम लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

परदेशात राहणाऱ्यांनी ‘शिता’वर संपणाऱ्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग एकदा लिहून बघावं, मधली चार अक्षरं मुलीला पुढे त्रास देतात. त-ट, द-ड यांतला फरक तिकडे उरत नाही, ळ आणि ण तर नाहीच. इरा, उमा, तारा, ओवी अशी नावं सगळीकडे तगतात. डेन्मार्कमध्ये मान्य नावांची सरकारी यादी असते आणि बाहेरच्या नावासाठी अर्ज लागतो. जर्मनीत नावावरून मुलगी की मुलगा हे कळलंच पाहिजे हा आग्रह तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००८ साली मोडीत काढला, आणि वाद होता एका मुलीच्या ‘किरण’ या भारतीय नावावरून.

जन्माक्षर आलं ‘ङ’, तर?

जन्मवेळी चंद्र नक्षत्राच्या ज्या चरणात (पाव भागात) असतो, त्याचं अक्षर नावाला घेतात. २७ नक्षत्रं, प्रत्येकाची ४ चरणं, म्हणून १०८ अक्षरं. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघेला मा, मी, मू, मे. स्वातीला रू, रे, रो, ता. अडतं ते आर्द्रेशी (कु, घ, ङ, छ), हस्ताशी (पू, ष, ण, ठ) आणि उत्तराभाद्रपदेशी (दू, थ, झ, ञ). ङ, ण, ञ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही. अशा वेळी त्याच नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं किंवा त्याच राशीचं अक्षर घेतात. आर्द्रेची चारही चरणं मिथुनेत, म्हणून मृगाच्या शेवटच्या दोन चरणांची का, की आणि पुनर्वसूच्या पहिल्या तिन्हींची के, को, हा अशी अक्षरंही चालतात. नाहीतर सरळ नावरस (जन्माक्षरावरून येणारं) नाव पत्रिकेपुरतं ठेवायचं आणि व्यवहारातलं वेगळं. दोन नावं ठेवलीत तर दाखल्यावर एकच जाऊ द्या. ‘ऊर्फ’ लावून दोन्ही घालण्याचा मोह टाळा.

लिहिताना

बारशाच्या ताटात तांदळावर अंगठीने नाव लिहिलं जातं, त्याचा फोटो निघतो आणि पुढे तीच लेखनपद्धत घरात रुळते. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ आधी ठरवा. मराठी लेखनात शेवटचा इकार-उकार दीर्घ: अदिती, क्षिती, प्रीती. संस्कृतात किंवा हिंदीत तो ऱ्हस्व दिसेल, ती चूक नव्हे, पण दाखल्यावर एकच रूप हवं. ‘हृद्या’त हृ आहे, ह्र नाही. ‘शृ’ला आणखी एक रफार लावून ‘श्रृ’ करू नका. ‘स्रग्धरा’, ‘स्रवंती’ यांच्यात ‘स्र’ आहे. ‘स्त्र’ टाइप झालं की त्यात स्त्री नाही तर शस्त्र डोकावतं.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये मराठी उच्चार धरायचा की हिंदी, हाही निर्णय आहे. ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो, उत्तरेत ‘रि’. म्हणून ऋचाच्या स्पेलिंगमध्ये आर नंतर यू की आय, हे आजच ठरवा. ‘ज्ञ’चंही तसंच: ज्ञानदा पुण्यात डी-एन-वाय ने सुरू होते, दिल्लीत जी ने.

नोंदणी

जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत होते, बहुतेकदा रुग्णालयच ती पाठवतं. नाव ठरलं नसेल तर घाईने काहीतरी भरू नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय नोंद करता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. रिकामी जागा भरणं सोपं आहे, भरलेलं नाव बदलणं अवघड. लेखनिकाची चूक दुरुस्त करून मिळते, पण ‘आता दुसरं नाव आवडलं’ ही चूक धरली जात नाही. तिथे राजपत्राचा खटाटोप येतो आणि जुन्या-नव्या नावांचे कागद आयुष्यभर सोबत बाळगावे लागतात.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. म्हणून चारही शब्द एका दमात म्हणून बघा. आई सौदामिनी आणि बाबा ज्ञानेश्वर असतील तर लेकीला ‘ओवी’ शोभते. तिथेही ‘छंदोवती’ घातलीत तर परीक्षेच्या फॉर्मवरच्या चौकोनांत नाव मावणार नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळा, आधार, पासपोर्ट सगळ्यांचा मूळ पुरावा आहे. दाखला हातात आला की खिडकीपासून हलण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, कागदावर आधी लिहून नेलेल्या नावाशी ताडून. आधारवर नाव बदलण्याची संधी आयुष्यात दोनदाच मिळते. त्यातली एक ‘मृण्मयी’तला ण सुधारण्यात खर्च होऊ देऊ नका.